रिकाम्या हाताचा दोष कोणाचा?

गांवांत ज्या मनुष्यास काम नाहीं त्याच्याविषयीं लोक काय बोलतात हें आपणांस नव्यानें सांगावयास नको. पारावर बसलेल्या तरुणास 'रिकामटेकडा' म्हणतात. तो घरीं बसून राहिला तर 'खायला काळ आणि भुईला भार' म्हणतात. आणि तो उगीच कांहीं खटपट करूं लागला तर 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण त्याच्या तोंडावर फेकतात. या सर्व बोलण्याच्या तळाशीं एकच समजूत आहे. ती अशी कीं, काम नसणें हा त्या मनुष्याचाच दोष होय. त्याचें मन आधीं आळसावलें आणि म्हणून त्याचे हात रिकामे राहिले.

ही समजूत खरी आहे काय, याचा आज आपण विचार करूं. हा केवळ पंडितांनीं वाद घालण्याचा प्रश्न नव्हे. त्याचें जें उत्तर आपण मनांत धरितों, त्याप्रमाणें आपण आपल्या शेजाऱ्याशीं, भावाशीं व पोटच्या मुलाशीं वागतों. आणि कित्येकदां तो जगतो कीं मरतो हेंही त्या वागण्यावर ठरतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, बहुतेक ठिकाणीं क्रम उलटा असतो. हात आधीं रिकामे होतात, मन मागाहून खचतें, आणि खचलेल्या मनाची मंद चाल पाहून लोक तिला आळस हें नांव देतात.

प्रथम काम जातें कसें तें पाहूं. वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत शिरपूर जैन नांवाचें मोठें गांव आहे. त्या बाजूच्या खेड्यांचें वर्ष कसें जातें तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. शेती बहुतेक पावसावरची. मृगाचा पाऊस पडला म्हणजे पेरणी. मग निंदण व डवरणी. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी व मळणी. त्यामागून कापसाची वेचणी व तुरीचें काम. ज्याच्या विहिरीस पाणी आहे तो हरभरा-गहूं करितो. परंतु ज्यास जमीनच नाहीं, किंवा ज्याची दोन एकर कोरडवाहू आहे, त्यास होळीपासून मृगापर्यंत काम कोठून मिळावें? पूर्वी निंदणास बायकांच्या रांगा लागत. आतां पुष्कळ शेतांत तणनाशक फवारलें जातें. पूर्वी मळणीस अनेक हात लागत. आतां यंत्र तेंच काम थोडक्या वेळांत उरकतें. यंत्र वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें शेतकऱ्याचा वेळ व खर्च वांचतो. परंतु ज्या मजुराचा रोज बुडाला त्याचा तो आळसामुळें बुडाला नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे.

दुसरें उदाहरण त्याच गांवांतील घ्या. शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाचें मंदिर जैन समाजाचें प्रसिद्ध तीर्थस्थान आहे. दोन पंथांतील वादामुळें तें १९८१ सालापासून बंद राहिलें, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ सालीं उघडलें. त्या वादांत कोणाची बाजू खरी हें सांगणें आमचें काम नव्हे. परंतु कोणत्याही तीर्थाच्या गांवीं फुलें विकणारा, चहाचें दुकान मांडणारा, ऑटो चालविणारा, धर्मशाळेंत झाडलोट करणारी बाई, या सर्वांचा संसार यात्रेकरूंच्या येण्याजाण्यावर चालतो. दाराला कुलूप लागलें व तें निघण्यास चाळीस वर्षें लागलीं, तर त्यांत अशा गरीब माणसांचा अपराध कोणता?

तिसरें उदाहरण तर घरोघरीं आहे. मुलानें शिकावें म्हणून आईबाप बैल विकतात, शेत गहाण टाकितात. मुलगा शिकतो. पोलीस भरतीसाठीं पहांटे अंधारांत सडकेवर धांवतो, रात्रीं स्पर्धा परीक्षेचीं पुस्तकें वाचितो. जागा थोड्या आणि अर्ज फार. त्यांत वर्षें जातात व वयाची मर्यादा ओलांडून जाते. मग सोयरिकीच्या गोष्टी करण्यास पाहुणे येतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, "मुलगा काय करतो?" त्या प्रश्नावर बाप खालीं पाहतो, आणि तें खालीं पाहणें मुलगा पाहतो. त्या दिवसापासून तो पाहुणे आले म्हणजे मागच्या दारानें बाहेर पडतो. वाचकहो, हा आळस नव्हे. ही लाज आहे. आणि लाज पुष्कळ दिवस मनांत राहिली म्हणजे ती मनास वाळवीप्रमाणें पोखरिते.

काम गेल्यावर मन कसें खचत जातें, याचा एक प्रसिद्ध शोध युरोपांत झालेला आहे. ऑस्ट्रिया देशांत व्हिएन्ना शहराजवळ मारिएंथाल नांवाचें खेडें आहे. तें सर्व गांव एका कापडाच्या कारखान्यावर पोसलें जात असे. १९३० सालाच्या आरंभापर्यंत तो कारखाना पुरता बंद पडला, आणि जवळजवळ सारें गांव एकदम बेकार झालें. मारी याहोडा नांवाची एक तरुण विदुषी व तिचे सोबती तेथें गेले, लोकांच्या घरांत बसले, त्यांचे दिवस कसे जातात तें लिहून घेतलें, आणि १९३३ सालीं तो वृत्तांत छापून प्रसिद्ध केला. गांवकऱ्यांस सरकारी भत्ता थोडाबहुत मिळत होता, आणि वेळ तर भरपूर होता. म्हणून कोणासही वाटेल कीं, लोक आतां अधिक वाचतील, सभासंस्थांतून अधिक भाग घेतील. झालें नेमकें उलट. वाचनालयाची वर्गणी माफ झाली असतांही दोन वर्षांत नेलेल्या पुस्तकांची संख्या निम्म्याच्या आसपास आली. पुरुष रस्त्यानें चालतांना पुन्हा पुन्हा थांबूं लागले. त्यांची चालच मंदावली. दिवसभरांत काय केलें असें विचारलें तर उठलों, जेवलों, निजलों यापलीकडे त्यांस फारसें सांगतां येईना. स्त्रियांची चाल मात्र तितकी मंदावली नाहीं, कारण चूल, पाणी व लेंकरें यांचें काम कोणताही कारखाना बंद पडल्यानें बंद पडत नाहीं. त्या गांवांतील माणसें कारखाना चालू असतां आळशी नव्हतीं. आळसासारखें जें दिसूं लागलें तें बेकारीच्या मागून आलें, पुढें नव्हे.

आपल्या महाराष्ट्रांतही असें एक मोठें उदाहरण घडलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारें अडीच लाख कामगारांनीं डॉक्टर दत्ता सामंत यांच्या पुढारपणाखालीं संप सुरू केला. तो संप रीतसर असा कधींच मागें घेतला गेला नाहीं, आणि फार मोठ्या संख्येच्या कामगारांची नोकरी कायमची गेली. पुष्कळजण कोंकणांत व घाटावर आपापल्या गांवीं परतले. तोंपर्यंत गिरणगांवाचा सारा दिवस भोंग्यावर चालत असे. भोंगा झाला म्हणजे उठावें, भोंगा झाला म्हणजे पाळीवर जावें, पाळी सुटली म्हणजे भजनीमंडळांत किंवा आखाड्यांत बसावें. भोंगा बंद झाला तेव्हां केवळ पगार बुडाला असें नाहीं. ज्या घड्याळावर लाखों माणसांचें आयुष्य लागलेलें होतें तें घड्याळच बंद पडलें.

यावरून काम मनुष्यास काय देतें याचा आपणांस उलगडा होतो. याहोडाबाईंनीं पुढें या विषयाचा आणखी विचार करून दाखविलें कीं, मजुरीशिवाय काम मनुष्यास पांच गोष्टी देतें, आणि त्या त्याच्या नकळत देतें. पहिली गोष्ट, दिवसाला बांधणी: सकाळ कशासाठीं व संध्याकाळ कशासाठीं हें ठरलेलें असतें. दुसरी, घराबाहेरच्या माणसांची संगत: सोंगणीच्या पातीवर जें सुखदुःख बोललें जातें तें घरांत बोललें जात नाहीं. तिसरी, अनेकांनीं मिळून चालविलेल्या कार्यांत आपला वांटा: आपण नसतों तर एवढें काम अडलें असतें ही जाणीव. चौथी, ओळख: हा गवंडी, हा शिक्षक, हा वायरमन, असें चारचौघांत नांव. पांचवी, हातापायांस नेहमींची हालचाल. काम गेलें म्हणजे या पांचही गोष्टी एकाच दिवशीं जातात. पगार गेलेला सर्वांस दिसतो. बाकीच्या चार-पांच गोष्टी गेलेल्या कोणास दिसत नाहींत. म्हणून घरचीं माणसें म्हणतात, "याला दोन वेळ जेवायला मिळतें, मग हा तोंड पाडून कां बसतो?"

आतां त्या न्हाव्याच्या म्हणीकडे पुन्हा पाहा. लोक ती हंसण्यासाठीं वापरितात. परंतु तींत किती खरें दुःख भरलेलें आहे! ज्याच्या हातांत कसब आहे त्याला गिऱ्हाईक मिळत नाहीं. आणि हात तर स्वस्थ राहूं शकत नाहीं. म्हणून तो भिंतीलाच रोगी समजून तुंबडी लावतो. हा मनुष्य आळशी कसा? आळशी असता तर निजला असता. मनुष्याच्या स्वभावांत काम करण्याची भूक आहे, आणि ती पोटाच्या भुकेइतकीच खरी आहे, असेंच ही म्हण सांगते.

कोणी विचारील, "मग जगांत आळशी माणूस नाहींच काय?" आहे. आळशी मनुष्य सर्व जातींत, सर्व धर्मांत, आणि नोकरी असलेल्या लोकांतही आहे. परंतु कोण आळशी व कोण निरुपाय हें ओळखण्याची एकच न्याय्य रीत आहे. आधीं काम द्यावें, योग्य मजुरी द्यावी, आणि मग पाहावें. महाराष्ट्रानें ही परीक्षा एकदां फार मोठ्या प्रमाणावर पाहिलेली आहे. १९७२ सालीं पाऊस दगा देऊन गेला आणि भयंकर दुष्काळ पडला. सरकारनें ठिकठिकाणीं दुष्काळी कामें काढिलीं. सडका, नालाबांध, पाझर तलाव आणि खडी फोडणें. १९७३ सालच्या मे महिन्यांत, वैशाखाच्या उन्हांत, या कामांवर सुमारें पन्नास लाख माणसें होतीं. ज्यांच्या घरीं कधीं बाईनें उंबरा ओलांडून मजुरी केली नव्हती अशा घरांतील बायकाही हातोडी घेऊन खडी फोडावयास बसल्या. एका राज्यांत पन्नास लाख माणसें तापलेल्या दगडांवर काम करण्यास येतात, तेव्हां गरीब मनुष्यास काम नको असतें असें म्हणणारांस काय उत्तर उरतें?

दुसरा आक्षेप असा कीं, "मनाबिनाचें कांहीं नाहीं, पैसा दिला म्हणजे झालें." पैशावांचून हाल होतात हें कोण नाकारील? परंतु केवळ पैसा दिल्यानें मनाची ती भूक भागते काय, याचीही परीक्षा अलीकडे झाली आहे. म्यानमार देशांतून जीव घेऊन पळालेले रोहिंग्या लोक बांगलादेशांत कॉक्स बाजार येथील छावण्यांत राहतात. तेथें त्यांस नेहमींचा कामधंदा करण्याची मोकळीक नव्हती. कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं तेथील सातशेंहून अधिक लोकांचे गट केले. एका गटास कांहीं आठवडे लहानसें काम व त्याबद्दल पैसे दिले. दुसऱ्या गटास तितकेच पैसे कामावांचून दिले. तिसऱ्या गटास यांतलें कांहींच दिलें नाहीं. २०२२ सालीं या पाहणीचें फळ प्रसिद्ध झालें. ज्यांस काम मिळालें त्यांच्या मनाची स्थिति स्पष्टपणें सुधारली. ज्यांस नुसते पैसे मिळाले त्यांच्या मनांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. इतकेंच नव्हे, तर काम केलेल्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश लोक पुढें कांहीं दिवस पैशावांचूनही तें काम करण्यास तयार झाले. ज्यांचें घर, गांव व देश गेला त्यांसही भाकरीबरोबर हें हवें होतें कीं, कोणास तरी आपली गरज असावी.

ही गोष्ट आपल्या राज्यांतील कांहीं पुढाऱ्यांनीं पूर्वींच ओळखिली होती. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं रोजगार हमीची कल्पना मांडिली, आणि शेजारच्या पुसद तालुक्यांतील गहुली गांवचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतांना ती अंमलांत येऊं लागली. 'मागेल त्याला काम' हें तिचें सूत्र होतें. १९७७ सालीं तिचा कायदा विधिमंडळानें संमत केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. २००५ सालीं सर्व देशासाठीं असाच एक कायदा झाला, त्यास महाराष्ट्राचें हें उदाहरण उपयोगी पडलें. या योजनेंत दोन गोष्टी मोठ्या मोलाच्या होत्या. एक अशी कीं, मजुरास मिळणारें काम भीक नसून हक्क होता. दुसरी अशी कीं, तिचा खर्च भागविण्यासाठीं १९७५ सालीं व्यवसाय कर बसविण्यांत आला; म्हणजे शहरांतील कायम पगाराच्या मनुष्यानें महिन्यास थोडें द्यावें आणि त्यांतून खेड्यांतील बिनकामाच्या मनुष्याच्या हातांस काम मिळावें. योजनेंत गैरव्यवहार झाले, हजेरीपटावर खोटीं नांवें चढलीं, मजुरी उशिरां मिळाली, हें सर्व खरें. तरी तिच्या मुळाशीं जो नीतीचा विचार होता तो सरळ होता: ज्यास काम आहे तो, ज्यास काम नाहीं त्याचा देणेकरी आहे.

येथपर्यंत वाचून कोणी असें समजूं नये कीं, कसलेंही काम मिळालें म्हणजे मन निरोगी राहतें. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजोबापणजोबांस काम नव्हतें असें नाहीं. काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलें होतें, रात्रंदिवस होतें, फक्त मान नव्हता, आणि नाहीं म्हणण्याची मोकळीक नव्हती. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतनाच्या कायद्यांत दुरुस्ती करण्याचें बिल आणिलें तें याच कारणासाठीं. ज्या कामांत मनुष्यास दिवस किंवा रात्र स्वतःची म्हणतां येत नाहीं, आणि मोबदला म्हणून ओंजळींत शिळें पडतें, तें काम मनास उभें करीत नाहीं, वांकवितें. आजही मुकादमाची उचल घेऊन जो मनुष्य बायकोपोरांसह ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर जातो, व हंगाम संपला तरी ज्याची उचल फिटत नाहीं, त्यास काम आहे. पण त्याच्या मनास शांति आहे काय? कामानें मन जगावयाचें तर त्या कामांत तीन गोष्टी असाव्या लागतात: पोटापुरती मजुरी, माणसासारखी वागणूक, आणि तें सोडण्याची मोकळीक.

शेतकऱ्याचेंही असेंच आहे. तो बेकार नाहीं, पहांटेपासून राबतो. तरी २००६ सालीं पंतप्रधानांनीं ज्या सहा जिल्ह्यांसाठीं मदतीची योजना जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वर्धा यांच्याबरोबर आपला वाशीमही होता, आणि तिचें कारण शेतकऱ्यांच्या आत्महत्या हें होतें. काम आहे, परंतु कामाचें फळ आपल्या हातीं नाहीं. पाऊस आपल्या हातीं नाहीं, भाव आपल्या हातीं नाहीं, कर्जाचा हप्ता मात्र आपल्या नांवावर आहे. अशा कामानेंही मन खचतें. येथें एक सावधगिरी बाळगावी. आत्महत्येचें कारण एकच असतें असें समजूं नये. कर्ज, नापिकी, आजार, व्यसन, घरांतील कलह अशीं अनेक कारणें एकमेकांत गुंततात. परंतु त्या गुंत्यांत अडकलेल्या मनुष्यास "हिंमत नाहीं, म्हणून मेला" असें म्हणणें हा मेलेल्यावर व त्याच्या विधवेवर अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. काम गेल्यानें मन खचतें, तसें मनाचा आजार झाल्यानेंही काम जातें. उदासीनतेचा खरा आजार जडला म्हणजे मनुष्यास झोंप येत नाहीं, जेवण जात नाहीं, अंथरुणावरून उठणेंही डोंगर चढण्यासारखें होतें. अशा मनुष्यास "ऊठ, कामाला लाग, सगळें ठीक होईल" असें ओरडून सांगणें म्हणजे पाय मोडलेल्यास धांवावयास सांगणें होय. मात्र त्यास हात धरून हळूहळू चालवितां येतें. गोव्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत उदासीनतेच्या रोग्यांवर एक उपचार करून पाहिला गेला व २०१७ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत डॉक्टर नसलेल्या, परंतु नीट शिकवून तयार केलेल्या माणसांनीं रोग्यास थोड्याच भेटींत एक एक लहान काम पुन्हा करावयास लाविलें, आणि पुष्कळांस गुण आला. मोठा उपदेश नव्हे, लहान पाऊल. हें त्याचें मर्म होतें.

आतां मूळ प्रश्नाचा शेवटचा भाग. काम इतकें मोलाचें आहे, तर ज्याच्याजवळ काम नाहीं त्याची किंमत कमी आहे काय? येथें आपणांस फार जपून पाऊल टाकिलें पाहिजे. काम मनुष्यास हवें आहे, म्हणून मनुष्याची किंमत कामावर ठरते, असें होत नाहीं. भाकरी मनुष्यास हवी आहे, म्हणून उपाशी मनुष्य कमी माणूस ठरत नाहीं. म्हातारा बाप, अंथरुणास खिळलेली आई, जन्मापासून अपंग लेंकरूं, यांस आपण मजुरीच्या मापानें मोजीत नाहीं. आणि घरांतील बाईचें काम तर कोणत्याच हजेरीपटावर चढत नाहीं. म्हणून तें काम नव्हे असें कोण म्हणेल? द्राक्षमळ्याच्या दाखल्यांतील ते शेवटचे मजूर आपणांस आठवत असतील. दिवस मावळावयास आला तरी ते बाजारांत उभेच होते, कारण त्यांस कोणीं कामावर लाविलें नव्हतें. धन्यानें त्यांस आळशी म्हणून हांकलून दिलें नाहीं. उरलेल्या तासापुरतें का होईना, त्यांस काम दिलें. आणि मजुरी देतांना पूर्ण दिवसाची दिली. काम न मिळालेल्या मनुष्याच्या घरींही चूल रोजच पेटवावी लागते, हें त्यानें जाणलें होतें. त्यानें त्यांस दोन्ही गोष्टी दिल्या: काम दिलें, आणि कामाच्या तासांवरून त्यांची किंमत ठरविली नाहीं. या दोन्ही गोष्टी एकत्र धरणें हेंच या प्रश्नाचें खरें उत्तर आहे, असें आम्हांस वाटतें.

मग आपण काय करावें? मोठे कारखाने काढणें आपल्या हातीं नाहीं. पण कांहीं गोष्टी खेड्यांतील लहानशा मंडळीच्याही हातीं आहेत.

पहिली ही कीं, जीभ आवरावी. बेकार तरुणास चारचौघांत "सध्यां काय चाललंय?" असें विचारूं नये. विचारावयाचेंच तर एकांतांत, आणि ऐकून घेण्यासाठीं विचारावें. दुसरी, त्यास दिवसाला बांधणी द्यावी. मुलांची संध्याकाळची शिकवणी, वाचनालयाची किल्ली, मंडळीचा हिशेब, म्हाताऱ्यांचे बँकेचे व पेन्शनचे कागद, अशीं नेमलेल्या वेळेचीं व खरीखुरी गरज असलेलीं कामें गांवांत पुष्कळ आहेत. मात्र फुकट राबवून घेऊं नये. जें देतां येईल तें मानानें द्यावें. तिसरी, सरकारी योजनेखालीं ज्यांस काम मागावयाचें आहे त्यांचे अर्ज शिक्षित माणसांनीं भरून द्यावे, ग्रामपंचायतींत लेखी मागणी करून पोंच घ्यावी. एकट्यादुकट्यानें मागण्यापेक्षां दहाजणांनीं मिळून मागावें.

चौथी गोष्ट विशेषतः उपदेशक बंधूंसाठीं व भगिनींसाठीं आहे. घरोघर फिरतांना मनुष्याची झोंप, जेवण व बोलणें यांकडे लक्ष द्यावें. जो पूर्वी बोलका होता तो गप्प झाला, जो आपल्या वस्तु वांटून टाकूं लागला, जो "माझ्यावांचून तुमचें बरें चालेल" असें म्हणूं लागला, त्यास एकटें सोडूं नये. मरणाचा विचार मनांत येतो काय असें त्यास सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार उत्पन्न होत नाहीं, उलट ओझें हलकें होतें. मग त्यास बरोबर घेऊन सरकारी दवाखान्यांत जावें. 'टेली-मानस' नांवाची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीं-दिवसा केव्हांही फोन करितां येतो, पैसे पडत नाहींत, आणि मराठींत बोलतां येतें. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत अशाच कामाचा एक प्रयोग झाला. गांवांतील माणसांस शिकवून त्यांच्याकडून लोकांस मनाच्या आजाराची माहिती दिली व घराजवळ मदत पोहोंचविली. आरंभीं उदासीनतेनें पीडलेल्या शंभरांतून चार-पांचच लोक मदत घेत. दीड वर्षानंतर सत्तावीस घेऊं लागले. हें फळ मोठ्या इस्पितळानें नव्हे, दारापर्यंत गेलेल्या शेजाऱ्यानें मिळविलें.

पांचवी व शेवटची गोष्ट घरांतील वडील माणसांसाठीं. मुलाची नोकरी लागली नाहीं म्हणून त्याच्या ताटाकडे पाहून बोलूं नका. शेतांत जातांना त्यास बरोबर घ्या, व्यवहाराची गोष्ट निघाली तर त्याचा विचार घ्या. तो उपयोगाचा आहे हें त्यास तोंडानें सांगून पटत नाहीं. त्याच्यावांचून एखादें काम अडूं द्या, म्हणजे पटतें.

येत्या मृगापर्यंत पुष्कळ दारांपुढें पुष्कळ हात रिकामे बसतील. त्यांच्याजवळून जातांना जर आपल्या मनांत 'आळशी' हा शब्द आला, तर क्षणभर थांबून दोन प्रश्न स्वतःस विचारावे: यास काम कोणीं देऊं केलें होतें काय? आणि तें न मिळाल्यावर याच्याजवळ येऊन कोणी बसलें होतें काय? दोन्हींचें उत्तर 'नाहीं' असें आलें, तर दोष शोधण्यासाठीं त्या ओट्यावर बसलेल्या मनुष्याकडे बोट दाखविण्याचें कारण नाहीं. त्या ओट्यावर त्याच्या शेजारीं जागा असते. तेथें जाऊन बसावें.